सरपंचांची गांध

गावातून देवीचा रोग हटल्यावर आता काय हटवायचे, असा प्रश्न शिराळ्याजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीला पडला. दमा हटवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. गावात दमा एकट्या बनुबाईला होता आणि ती सभासद नव्हती.

बनुबाई पंचायतीची कचेरी झाडायची. सभेआधी सतरंजी झटकली की तिची छाती भात्यासारखी वाजे आणि ती पायरीवर बसून श्वास ओढत राही. कामकाजात व्यत्यय येतो म्हणून सभासद तिला जरा लांब बसायला सांगत.

ठरावाप्रमाणे तपासणी शिबिर भरले आणि सांगलीहून डॉक्टर आले. त्यांनी बनुबाईच्या हातावर परागकण, कापूस, पिसे, घरातली धूळ अशा अर्कांचे थेंब ठेवून सुईने टोचले. धुळीच्या थेंबाखाली बोराएवढी गांध उठली. डॉक्टरांनी खुलासा केला, की हिचे शरीर साध्या धुळीला शत्रू समजून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार ठेवते आणि धूळ पुन्हा आली की स्वतःच्याच श्वासनळ्या आवळते. तेव्हा बाईंना धुळीपासून लांब ठेवा. बनुबाई पदराआड हसली. तिच्या बाजूने कुणीतरी पहिल्यांदाच बोलले होते.

मग सरपंच हंबीररावांनी बाही सारली. त्यांच्या हातावर काहीच उठेना.

"डॉक्टरसाब, गावचा सरपंच मी, आन् गांध झाडणारणीला. ह्ये बरं दिसतं का?"

डॉक्टरांना शेवटची एसटी गाठायची होती. तपासणी नीट चालली आहे का हे पाहायला एक वेगळा थेंब असतो, तो कुणाच्याही हातावर गांध उठवतो, असे स्पष्ट सांगून त्यांनी तो लावला. गांध उठली. तिच्यापुढे खुलासा कुणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी ठराव झाला: सरपंचांचा दमा सिद्ध झाल्याने त्यांना धुळीपासून लांब ठेवावे, कचेरी दोनदा झाडावी, सतरंजी रोज झटकावी. काम बनुबाईकडे.

"आवं सरपंच, दमा मला हाय," ती म्हणाली.

"म्हनून तर सांगतोय. धूळच ऱ्हाईली न्हाई तर तुलाबी बरं वाटंल. जरा जोरात झटक."

शिबिर यशस्वी झाल्याबद्दल सरपंचांचा सत्कार ठेवला. सतरंजी इतकी स्वच्छ होती, की कुणाला साधी शिंक आली नाही. पायरीवर बनुबाई ओठ निळे पडेपर्यंत धापा टाकत होती. भाषण ऐकू येईना, म्हणून आम्ही दार लावून घेतले.

तुम्हीही हे एखाद्या स्वच्छ जागी बसूनच वाचत असाल. ती कुणी झाडली, हे बसण्याआधी विचारले असेलच.