घरगुती कारण

मारोतराव भोयर कुणाच्याही घरी गेले की आधी मागच्या अंगणात जायचे. संडासाच्या टाकीवर काठीनं तीनदा ठोकायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच पुढच्या दाराशी येऊन विचारायचे, "बरं आहे ना सारं?" माणसांचा नंबर टाकीनंतर.

आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वस्ती, वर्ध्याला लागून. नव्वदच्या दशकात कुणी समुद्रपूरकडून, कुणी हिंगणीहून येऊन इथं घरं बांधली आणि टाक्या जमतील तशा खणल्या. एका वर्षी घरोघरी कावीळ झाली. टाक्यांचं पाणी सगळ्यांच्या विहिरीत झिरपतं हे तेव्हा कळलं आणि ग्रामसभेनं ठराव केला: नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत गळक्या टाकीची दुरुस्ती सुरू करायची. टाक्या तपासायचं आणि नोटिसा द्यायचं काम मारोतरावांवर आलं, कारण ते बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर. त्या दिवसापासून त्यांना येताना पाहिलं की लोक मागच्या फाटकाला कडी घालू लागले.

ते टाकीत कपड्यांची नीळ ओतायचे. दुसऱ्या दिवशी विहिरीजवळची नाली निळी दिसली की नोटीस तयार. मुदतवाढ मागणाऱ्याला एकच उत्तर, "घरगुती कारण चालत नाई. ठोस कारण सांगा."

मलाही तेच ऐकावं लागलं. आईचे गुडघे गेलेले, आमचा संडास बंद राहिला तर ती जाणार कुठे? "घरगुती," ते म्हणाले. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. काम सुरू झालं त्या सकाळी मात्र ते दारात हजर. "मास्तर, आईले आमच्या इकडं आणत जा. मी संडासात खुर्ची ठेवून देल्ली."

घरात ते एकटेच. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. अंगणातून जाताना ते स्वतःच्या टाकीच्या एका कोपऱ्याला नेहमी वळसा घालत. "ओव्हरसिअरसाहेबांचा आपल्याच स्लॅबवर भरवसा नाही," असं म्हणून मी चार लोकांना हसवलंही होतं.

पुढे विहिरीच्या पाण्याला पुन्हा वास येऊ लागला. मारोतरावांनी सगळ्यांच्या टाक्या तपासल्या, शेवटी आपली. सकाळी नाली निळीशार! त्यांनी स्वतःच्या नावानं नोटीस लिहिली, देणारा म्हणून सही केली, घेणारा म्हणूनही केली, आणि ती दाराला चिकटवली. लेआउट आठवडाभर हसत होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी ते माझ्याकडे आले. टाकीवर न ठोकता, सरळ पुढच्या दारानं.

"मास्तर, एक अर्ज लिहून द्या. मुदतवाढीचा."

"कारण काय लिहू?"

हाताला धरून ते मला आपल्या अंगणात घेऊन गेले आणि त्या कोपऱ्याकडे काठी केली. सिमेंटमध्ये दोन पावलं उमटली होती. लहानशी, बाईमाणसाची.

"स्लॅब ओला होता. आभाळ आलं तं तुमची काकू वाळू घातलेल्या मुंगवड्या उचलाले यावरूनच धावली. मी लय बोललो तिले. आठ दिवस बोलून राह्यलो होतो. आता आतली भिंत गेली, स्लॅब फोडाच लागते."

"तेवढा तुकडा कापून काढू की."

"गवंड्याले विचारलं. खालून पुरा सडला आहे. हात लावला का भुगा होते."

मला माझ्या विनोदाची लाज वाटली. त्यांना घेऊन मी घरी आलो आणि अर्ज लिहायला बसलो. कारणापाशी पेन थांबला.

"लिहा," ते म्हणाले, "घरगुती."

अर्ज द्यायचा होता त्यांच्याचकडे. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, खिशातला लाल पेन काढला आणि खाली लिहिलं, 'नामंजूर'.

"अहो मारोतराव, महिनाभर थांबलं तर काय बिघडतं?"

"त्या विहिरीचं पाणी तुमची आई पिते, मास्तर."

तिसाव्या दिवशी स्लॅब फोडला. ते काठी धरून उभे होते, गवंड्याला एकही सूचना त्यांनी केली नाही. नवा स्लॅब अगदी भक्कम झाला, मी स्वतः त्यावर उभा राहून पाहिलं. पण पुढे कितीतरी वर्षं मारोतराव अंगणातून जायचे ते त्या कोपऱ्याला वळसा घालूनच.