परबांचा अर्धा फॉर्म

परब चहा अर्धा ठेवून उठले, की कपावर बशी आणि बशीवर चिठ्ठी: 'चालू आहे'. तासाभराने येऊन तोच गारढोण चहा पितात. बोलणंही तसंच. काल तोडलेलं वाक्य आज सकाळी मधूनच सुरू. वैताग नुसता!

आमचं ऑफिस अंधेरीत. हाऊसिंग सोसायट्यांसाठी अ‍ॅप बनवतो. स्क्रीन कशी दिसावी ते परब ठरवतात, कोड मी लिहिते. दोन वर्षांपूर्वी, फॉर्म अर्धा सोडून कोणी बाहेर पडलं, तर मी सरळ पाटी लावली होती: 'बदल सेव्ह झालेले नाहीत. टाकून द्यायचे?' परब खुर्चीतून उठलेच.

"अगो, माणसान लिवलेला ता टाकून कित्याक देतंस?"

"मग काय, पूजा करू?"

"न विचारता गुपचूप ठेवायचं. परत आला की म्हणायचं, या, इथवर आला होतात."

केलं तसं. चांगलंच झालं, खोटं कशाला बोला. पण परवा साहेबांचा हुकूम आला: नव्या अपडेटमध्ये जुने अर्धे फॉर्म पुसून टाका. परबांनी दिवसभर माझं डोकं खाल्लं. शेवटी मी तोंडावर बोलले, "वर्षापूर्वीचा फॉर्म आता कोण भरतंय यार?"

ते उठले. चहा तसाच उघडा टाकून निघून गेले. मी मागोमाग धावले.

जिन्यात गाठलं त्यांना. त्यांनी खिशातून तडकलेल्या काचेचा फोन काढला. त्यांच्या बायकोचा. वहिनींना जाऊन दीड वर्ष झालं. फोनवर आमचंच अ‍ॅप होतं, तक्रारीचा फॉर्म उघडलेला.

'लिफ्ट बंद आहे. आमचे मिस्टर गुडघे धरून पाच मजले चढतात आणि दारात आल्यावर हसतात. मला बघवत नाही. तरी लवकरात लवकर'

पुढे काहीच नाही.

"मला कधी बोलली नाही," परब म्हणाले. "ती गेल्यावर सापडलं. तुझं अपडेट आलं, की हे जाणार."

"लिफ्ट... झाली का दुरुस्त?" मी विचारलं.

"तेव्हाच. आता सबमिट करून काय करू गो?"

मला रडूच फुटलं. जागेवर आले, पुसण्याचा कोड काढून टाकला आणि साहेबांना 'जमणार नाही' म्हणून कळवलं. ओरडतील तेव्हा बघू.

मग परबांच्या कपावर बशी ठेवली, आणि त्यांचीच चिठ्ठी शोधून वर ठेवली.