खाणीच्या आधी

वडिलांची हिरवी पिकअप चोरीला गेली, असं लेलँड टीगने आईला सांगितलं, तेव्हा ही थाप आठवडाभर टिकली तरी पुरे असा त्याचा अंदाज होता. खरं म्हणजे गाडी त्यानेच पाण्याने भरलेल्या दगडखाणीत ढकलली होती. लेलँड स्वस्तातले रक्तबंबाळ सिनेमे काढायचा. 'दलदलीतला कसाई'च्या शेवटी एक गाडी बुडवायची होती आणि या माणसाला दुसरं कुणी गाडी देईना.

पण थापेला पाय फुटले. आईने शेरिफकडे तक्रार केली. शेरिफने आसपासचे सगळे गॅरेजवाले झोडपून काढले. आईचा संशय शेजारच्या बफर्डवर गेला. वीस वर्षांचा शेजार, पण बोलणं बंद, दरवर्षी त्याच्याकडे जाणारी पीचच्या लोणच्याची बरणीही बंद. लेलँड रोज खरं सांगायला स्वयंपाकघरात जायचा आणि कॉफी पिऊन परत यायचा. त्याच गाडीत बापाने त्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. त्याला फार वाईट वाटत होतं.

एक बरं होतं. वर्षभरात सिनेमा पुरा होऊन सपशेल पडलाही होता, तेव्हा टेक्सासच्या या कोपऱ्यात तो लागायची भीती नव्हती.

एका शनिवारी आई म्हणाली, "ड्राइव्ह-इनला 'डुकरवाले मामा' लागलाय. ने ना मला. तुझा बाप गेल्यापासून हसले नाही मी."

गाडीत बसल्या बसल्या समोरच्या पडद्यावर दलदल दिसली आणि लेलँडचं पॉपकॉर्न मांडीवर सांडलं. ते डास त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. पडलेल्या सिनेमाला नवं नाव चिकटवून पुन्हा विकायचं, ही वितरकांची जुनी खोड. कसायाचे मामा झाले होते.

"आई, डोकं दुखतंय गं. निघूया?"

"काच खाली कर आणि गप बस."

तेवढ्यात पडद्यावर हिरवी पिकअप आली.

"अगंबाई! आपली गाडी! मेल्या चोराने सिनेमावाल्यांना विकली बघ!"

नुसतं हो म्हटलं असतं तरी लेलँड सुटला असता. पण आई पुढे वाकून बघत होती. मुखवटा घातलेला कसाई डावं कोपर खिडकीबाहेर काढून गाडी हाकत होता. नट पैशांवरून पळाला, म्हणून मुखवट्यात लेलँडच होता.

"असं कोपर काढून दोघंच चालवतात," आई हळूच म्हणाली. "त्यातल्या एकाला मी पुरलंय."

"चुकलो गं, आई."

मागच्या रांगेतली मंडळी रक्त बघून खुशीत भोंगे वाजवत होती. आईची नजर पडद्यावरून हलली नाही.

"पुढे काय होतं गाडीचं?"

"खाणीत जाते."

"मग त्याआधी आपली चालू कर. आणि उद्या बफर्डकडे बरणी घेऊन तू जायचंस. सगळं सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी लेलँड बरणी देऊन, पोटभर शिव्या खाऊन परतला, तर आई पर्स घेऊन ओसरीवर उभी.

"चल. मामा बघायला."

"पुन्हा?"

"अर्धा तास धावते रे त्यात तुझ्या बापाची गाडी."

सिनेमा आठवडाभर चालला आणि दोघं रोज गेली. खाण जवळ आली की आई त्याच्या कोपराला हात लावायची आणि तो गाडी चालू करायचा. दिग्दर्शक म्हणून लेलँडचं नाव गाडी बुडाल्यानंतर यायचं. ते बघायला दोघं एकदाही थांबली नाहीत.