जाहिरात लागू दे

माझ्या हातून एकदा एका सज्जन माणसाच्या दिवाणखान्यात, ऐन चहाच्या वेळी, सलग पाऊण तास साबण, कुकर आणि डासांची अगरबत्ती दाखवली गेली. मुद्दाम नाही. निव्वळ मूर्खपणाने.

त्या वेळी मी पंचावन्नची होते, म्हणजे आजच्या मानाने कोवळीच. टेंभी नाक्याजवळच्या एका क्लासातून दोन आठवड्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं. नवऱ्याच्या पदवीच्या वर. येणाऱ्याजाणाऱ्याला "काही अडलं तर सांगा हं" म्हणायची खोड लागली होती. कोणाचंच काही अडत नसे. चष्मा लागलेला होता, पण तो घातला की मी आजीबाई दिसते असं माझं ठाम मत होतं. आता मी खरीच आजी झाले, चष्मा नाकावर आला, आणि त्यातून स्वच्छ दिसतं काय, तर ती पंचावन्नची बाई किती येडपट होती ते.

ते सज्जन म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या समोरच्या दाराचे मोघेभाऊजी. जन्मभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम केलं. निवृत्त झाले, तपासणी काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याची भेंडी, सोसायटीच्या सेक्रेटरीचं भाषण, माझ्या करंज्या, सगळ्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरायची आणि आवाज अजिबात न चढवता एकच शब्द यायचा, "रिजेक्ट." माझ्या ताटातल्या तीन करंज्या एका दिवाळीत पास झाल्या होत्या. मी त्यांचंही प्रमाणपत्र मागणार होते.

त्यांचा मुलगा मिलिंद नोकरीसाठी बंगलोरला गेला तेव्हा त्याने आपला कॉम्प्युटर मागे ठेवला आणि त्यावर टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड व्हायची सोय करून दिली. झालं. भाऊजींना जन्माचं काम मिळालं. रात्री मालिका रेकॉर्ड करायची, सकाळी पूजा आटोपली की बसून तिच्यातली एकेक जाहिरात कापायची, उरलेलं डिस्कवर बर्न करायचं आणि दुपारी चार वाजता चहाबरोबर बायकोला, म्हणजे कुमुदला, दाखवायचं. तांदूळ निवडावेत तसं चालायचं ते. फरक इतकाच, की तांदूळ निवडणारी बाई खडे फेकून देते. भाऊजी खडे जपून ठेवायचे. कापलेल्या जाहिरातींचा त्यांचा वेगळा फोल्डर होता, आणि मालिकेचा एखादा दाणा चुकून त्यात गेला नाही ना, हे पाहायला ते रविवारी त्या सगळ्या जाहिराती पुन्हा बघायचे. साबणाचा एवढा तिटकारा असून एवढा साबण पाहिलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल.

आणि हे कशासाठी? तर कुमुद एकदा सर्दीने बेजार असताना म्हणाली होती, की या जाहिरातींच्या आवाजाने डोकं उठतं. सर्दी चार दिवसांत गेली. भाऊजी चार वर्षं कापत बसले.

आता त्या घरातला एक नियम सांगायला हवा. कार्यक्रम चालू असताना बोलायचं नाही. टीव्ही घरात आल्या दिवसापासूनचा नियम. कुमुदने तोंड उघडलं की भाऊजींचा तळहात वर यायचा, "जाहिरात लागू दे." जाहिरात लागली की कुमुद सुटायची. गॅसचा नंबर, गावचे फणस, मिलिंदचा फोन, सगळं तार केल्यासारखं, मोजक्या शब्दांत, कारण नायिका केव्हा परत येईल याचा नेम नसायचा. जेवताना का नाही बोलायची? जेवताना भाऊजी कालची कोणती जाहिरात कापताना अर्धा सेकंद चुकला ते सांगायचे. मग रात्रीचं रेकॉर्डिंग. थोडक्यात, जाहिराती कापल्या गेल्या त्यांच्याबरोबर कुमुदचं बोलणंही कापलं गेलं. भाऊजींना पत्ता नाही. मला तरी कुठे होता? मी रोज सकाळी प्रमाणपत्राची काच पुसत होते.

त्या वर्षी कुमुदच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डॉक्टरकडे ती माझ्याबरोबर आली होती. डॉक्टर म्हणाले, फार लांबवलंत, आता मिस्टरांना घेऊन या म्हणजे ऑपरेशनची तारीख ठरवू. जिन्याची शेवटची पायरी तिला दिसायची नाही. दोनदा पडता पडता वाचली होती, एकदा तर हातात दुधाचं पातेलं. काही दिवसांनी मी विचारलं, सांगितलंस का गं त्यांना?

"सांगेन की. जाहिरात लागली की सांगेन," असं म्हणून ती हसली.

मीही हसले. घरी येऊन कुकर लावला तेव्हा लक्षात आलं, त्या घरात जाहिरात लागतच नाही. मग मीच सांगते म्हटलं, तर तिने मला शपथ घातली. का, ते काही सांगेना.

अशात भाऊजींच्या पुतण्याच्या मुलाची कल्याणला मुंज निघाली. कुमुद गर्दीत दमते म्हणून गेली नाही. खरं म्हणजे तिला माणसं ओळखू येत नव्हती. मालिका कापून तयार होती, डिस्क तेवढी भरायची राहिली होती. आणि "काही अडलं तर सांगा हं" हे माझं वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी मनावर घेतलं. भाऊजींनी मला दोन फोल्डर दाखवले. वरचा पास, खालचा रिजेक्ट. तीनतीनदा दाखवले, आणि काळजीने मागे वळून बघत बघत गेले. मी ऐटीत खुर्चीत बसले. चष्मा घरी. वरचा फोल्डर कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो ते काही दिसेना. दोन आठवड्यांच्या शिक्षणाला स्मरून मी अंदाजाने एक उचलला.

चारला भाऊजी मुंजीचे बुंदीचे लाडू घेऊन आले. मला मानाची खुर्ची मिळाली. डिस्क लागली, आणि पडद्यावर एक बाई साबणाने हात धुऊ लागली.

भाऊजी म्हणाले, एक निसटली वाटतं. मग कुकर लागला. मग डासांची अगरबत्ती. मग पुन्हा तीच बाई, तोच साबण. भाऊजींची मान सावकाश माझ्याकडे वळली. कारखान्यात मालाची अख्खी पेटी वाकडी निघाल्यावर अशीच वळत असणार.

"वहिनी, चष्मा कुठे होता?"

मी घाईघाईने अख्खा लाडू तोंडात घातला. भरल्या तोंडाने कोण उत्तर देणार?

पण साबणाचं गाणं कानावर पडल्याबरोबर तिकडे कुमुद सुरू झाली होती. सवयच तशी. एका दमात म्हणाली, मिलिंदचा फोन आला होता, उद्या पाण्याची टाकी धुणार आहेत, खोबरं संपलंय. आणि थांबली, नायिका येईल म्हणून. आला कुकर. मग म्हणाली, जिन्याची शेवटची पायरी हल्ली चुकते माझी. पुन्हा थांबली. आली अगरबत्ती. भाऊजींनी बंद करायला रिमोट उचलला होता.

"आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तीन महिने झाले, मला पडदा दिसत नाही हो. नुसती ऐकते."

रिमोट हवेतच राहिला. भाऊजींनी तपासनिसाला शोभेल असाच प्रश्न विचारला.

"मग हसतेस कशी? बरोबर जागेवर हसतेस."

"तुम्ही हसता तिथे हसते."

भाऊजींनी आवाज कमी केला. टीव्ही बंद नाही केला. नुसता आवाज कमी केला आणि खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाले, मग? हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकला नव्हता. कुमुद सांगत राहिली. तुम्ही सकाळभर माझ्यासाठी मान मोडून कापत बसता, आणि मला दिसतच नाही हे कुठल्या तोंडाने सांगू? पडद्यावर बाई पुन्हा हात धूत होती. मी उठले, दार लोटून घेतलं. कोणी "बसा" म्हणालं नाही.

डोळ्यांची ऑपरेशनं झाली. भाऊजींनी आधी डॉक्टरची तपासणी केली. डॉक्टर पास झाले. पट्टी निघाल्यावर कुमुदला पहिलं काय दिसलं, तर भाऊजींच्या शर्टाचं तुटलेलं बटण. ती म्हणाली, रिजेक्ट.

मी मात्र तोंड लपवून होते. दाराच्या भिंगातून जिना मोकळा आहे का बघायचे आणि मगच बाहेर पडायचे. एका सकाळी बेल वाजली. भाऊजी उभे, हातात कोरी डिस्क. मी माफीची जुळवाजुळव करायला लागले. त्यांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डिस्क पुढे केली.

"वहिनी, एवढी रिजेक्टची अजून एक भरून द्या. कुमुदचं सांगून संपलं नाहीये, आणि मी करायला बसलो की हात आपोआप जाहिरात कापतो. तुम्हीच करा, मागच्यासारखी. चष्मा न लावता."