खडकाचे नऊ राखणदार

बर्गन शहरातल्या स्तियान आणि इंगविल या सुशिक्षित जोडप्याला मुलगा झाला आणि नावावाचून घरातलं सगळं अडून बसलं. कायद्याने सहा महिन्यांची मुदत. बाळ दूध पीत होतं, हसत होतं, पालथं पडत होतं. पण ही कामं काय, कुठलंही बाळ करतं. आईबापांचं सारं लक्ष नावावर होतं.

स्तियानचं दुखणं जुनं होतं. त्याच्या वर्गात चार स्तियान होते. बाई रागावल्या की चौघंही रडायचे आणि बाईंनी कौतुक केलं की ते हमखास दुसऱ्याचं निघायचं. आपल्या पोरावर ही पाळी येऊ द्यायची नाही, अशी त्याने शपथच घेतली होती.

शेवटी देव पावला, म्हणजे इंगविलचे पणजोबा पावले. डोंगरात मेंढ्या राखण्यात आयुष्य घालवलेला आणि गरजेपुरतंही न बोललेला म्हातारा. नाव हाल्वार. जुन्या नॉर्स भाषेत याचा अर्थ खडकाचा राखणदार. खडकाला राखण कशाला लागते, हे विचारायचं नसतं. अर्थ असा खडबडीत असला की नाव अस्सल ठरतं. त्यातून सरकारी तक्त्यात गेल्या वर्षी जन्मलेल्या हाल्वारांपुढे आकडाच नव्हता, नुसतं टिंब होतं. मुलं फारच थोडी असली की सांख्यिकी खातं आकडा झाकून ठेवतं.

"टिंब आहे रे!" इंगविल ओरडली.

"हळू बोल. कुणाला सांगू नकोस," स्तियान म्हणाला.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. तक्ता मात्र साऱ्या देशासाठी खुला होता.

यथावकाश बालवाडी सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी स्तियानने फाटकातून ऐटीत हाक मारली, "हाल्वार!" वाळूच्या खड्ड्यातून नऊ डोकी वर झाली.

"यंदा हाल्वारांचं पीक जोरात आहे," बालवाडीच्या प्रमुख तूरिदबाई म्हणाल्या. "सगळी पणजोबांची नावं बरं का. त्या कोपऱ्यातल्याच्या घरी असा पणजोबा निघेना, तर त्यांनी शेजाऱ्यांचा घेतला."

स्तियानने सुचवलं, आडनावं लावा. आडनाव ही खासगी माहिती असल्याचं त्याला कळलं. मग नंबर द्या. "आम्ही माणसांची पोरं सांभाळतो, मेंढ्या नाही," बाई म्हणाल्या. मग निदान रेनकोटांचे रंग तरी वेगळे ठेवा! तेही शक्य नव्हतं. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून पालकसभेने एकमताने सर्वांना एकसारखे पिवळे रेनकोट घेतले होते आणि ठरावाला पहिला हात स्तियाननेच वर केला होता. तरी व्यवस्था चोख होती. टोपीपासून मोज्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर नावाची पट्टी सक्तीची होती, आणि पट्टी वाचल्याशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही, असा नियम होता.

बर्गनमध्ये पाऊस कधी पडतो असं कुणी विचारत नाही. कधी थांबतो, ते विचारतात. अशाच एका चिखलाच्या दिवशी तूरिदबाईंनी नाकाच्या शेंड्याखेरीज काहीच दिसत नसलेलं एक मूल उचललं, पट्टी वाचली आणि स्तियानच्या हवाली केलं. घरी इंगविलने रेनकोट सोलून काढला आणि ती किंचाळली.

"हा आपला नाही!"

"असं कसं? पट्टी बघ ना."

"अरे, याच्या गालाला खळी आहे! आपल्या पोराला नाही!"

"नाहीये?" स्तियानने विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने लगेच फोन उचलला.

"पट्टीवर काय आहे?" पलीकडून तूरिदबाईंनी विचारलं.

"हाल्वार."

"मग बरोबरच दिलाय की."

"अहो, पण मुलगा दुसरा आहे!"

"बाकीच्या आठ घरांतून एक तक्रार नाही. समाधानी पालकांना मी उगाच का छळू? बरं, तुमच्या मुलाचं काहीतरी वेगळं सांगा, सकाळी शोधते."

"डोळे निळे."

"सगळ्यांचे निळे."

"केस पिवळे... आणि तपकिरी चीज फार आवडतं."

"ते मलाही आवडतं. पुढे?"

पुढे काही नव्हतं. पोराच्या नावावर त्याने तासभर व्याख्यान झोडलं असतं, पण पोराबद्दल बोलायला त्याच्यापाशी शब्द नव्हते. आपलं लेकरू कुणा परक्याच्या टेबलावर बसून जेवतंय आणि आपल्याला त्याचा चेहरा सांगता येत नाही, या विचाराने तो हादरून गेला. तिकडे परका हाल्वार बटाटे खाऊन घरच्यासारखा खेळायला लागला होता. त्याच्याही घरी तीच लाकडी आगगाडी असावी.

सकाळी तूरिदबाईंनी तोडगा काढला: पोरांनीच बाप ओळखावेत. नऊ बाप भिंतीला लागून उभे राहिले. सगळ्यांना सारखी दाढी, सारखं काळं जाकीट, सारखी विणलेली टोपी. आणि ही टोपी आपल्यालाच सुचली अशी प्रत्येकाची खात्री. पोरं या दाढीवरून त्या दाढीकडे बघत राहिली. मग एकाने भोकाड पसरलं आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली.

"अहो, गप्प काय उभे राहता?" तूरिदबाई ओरडल्या. "घरचं काहीतरी बोला! फक्त तुमच्याच पोराला कळेल असं!"

स्तियान गुडघ्यांवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. जगात फक्त आपल्या दोघांतच असलेली गोष्ट त्याने मनात शोध शोध शोधली आणि म्हणाला, "बाळा, तुझं नाव साधंसुधं नाही. तू खडकाचा राखणदार आहेस."

आवाज चांगलाच घुमला, कारण उरलेले आठ बापही नेमकं हेच म्हणत होते.

अखेर ज्याच्या हाती जो लागला तो त्याने उचलला. घरी दारातच इंगविलने विचारलं, "आपलाच ना रे?" पोराचं तोंड चिखलाने माखलं होतं. स्तियानने रेनकोटाची कॉलर उलटून पट्टी वाचली.

"आपलाच," तो म्हणाला.

हसा, खुशाल हसा. फक्त आज संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या बागेत उभे राहून "आरव" अशी एक हाक मारा आणि जे धावत येतील त्यांतला आपला तेवढा बघून घरी आणा.