पाहुणे निघतात, मग किंकाळी

सावनीने अमेरिकेतल्या आपल्या अख्ख्या शॉमबर्ग उपनगराला सांगून ठेवलं होतं की ती आता पीएचडीची फाटकी विद्यार्थिनी राहिलेली नाही. ती एका युरोपियन भयपटाची नायिका आहे! संवाद नाहीत. सीन एकच. पाहुणे जेवून निघून जातात, घरात ती एकटी उरते, बाहेर अंधारून येतं आणि ती किंकाळी फोडते. बस. "पण ती किंकाळी म्हणजेच पिक्चर, आई!" असं तिने नाशिकला फोन करून सांगितलं होतं.

दिग्दर्शक मातेय स्लोव्हेनियाहून आला होता. त्याच्या मते जगातली सगळ्यात भयाण जागा म्हणजे अमेरिकन सबर्ब. बजेट मात्र इतकं किरकोळ की भूतसुद्धा परवडलं नव्हतं. "भूत दिसणार नाही. ते फक्त नसेल," तो म्हणाला. सावनीने मान डोलावली. युरोपियन माणसाला प्रश्न विचारायचे नसतात.

पाहुणे म्हणून तिने फुकटातली माणसं आणली: शेजारचे त्र्यंबककाका, प्रतिमाकाकू आणि तिच्याच लॅबमधला यशोधन. काम सोपं. उठायचं, बाय म्हणायचं, जायचं. संधिप्रकाश मात्र आजच पकडायला हवा होता. उद्या मातेयचं फ्लाइट!

"ॲक्शन!"

"चला, निघतो," काका म्हणाले आणि सोफ्यावर आणखी रेलले.

"काका, उठा ना!"

"अगं, म्हटलं की लगेच उठतात का? बरं दिसतं का ते?"

पुढच्या टेकला काकू उठल्या आणि थेट किचनमध्ये घुसल्या. "सावनी, माझा वड्यांचा डबा दे. रिकामा देऊ नकोस हं, निदान चिमूटभर साखर तरी घाल!" पण हे सेटवरचं घर. फ्रिजमध्ये खोट्या रक्ताच्या बाटलीशिवाय काही नव्हतं. काकूंनी ती उघडून वास घेतला. "कोकम आहे का गं?"

मग यशोधनने कमाल केली. सांगितल्याप्रमाणे उठला, बाय म्हणाला आणि चक्क गेला! काकूंनी त्याला गाडीतून परत बोलावलं.

"असा कसा रे न सांगता निघालास?"

"काकू, सांगितलं की!"

"दारात कुठे थांबलास?"

अखेर तिघं दारापर्यंत पोचले. सावनीने किंकाळीसाठी श्वास भरून घेतला. आता! पण उंबऱ्याला पाय लागला की मराठी माणसाची स्मरणशक्ती फुल चार्ज होते. एक बूट पायात, दुसरा हातात अशा अवस्थेत काकांना बेसमेंटमध्ये शिरलेलं पाणी आठवलं.

"आणि तो प्लंबर काय म्हणाला तेही सांगा ना!" काकू म्हणाल्या.

मातेय पांढराफटक पडला होता. "यांनी निरोप घेतला ना?"

"घेतला," सावनी म्हणाली.

"मग हे काय चाललंय?"

"हाच निरोप."

सूर्य समोरच्या गॅरेजमागे बुडत चालला होता. तिचा एकुलता एक सीन प्लंबरबरोबर वाहून जात होता! आणि तेवढ्यात काका म्हणाले, "हे काहीच नाही, मागच्या वर्षी तर..."

"अहो, निघा नाssss आता!"

किंकाळी अशी की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली.

"कट!" मातेयच्या डोळ्यांत पाणी होतं. "मिळालं!"

सावनीला आनंदाने नाचायचं होतं, पण काकूंनी चपला काढून तिला जवळ घेतलं. "पोर फार दमलीय हो. आता हिला एकटीला टाकून कसं जायचं?" तिघंही परत सोफ्यावर बसले.

सिनेमा पूर्ण झाला, तिकडच्या एका महोत्सवात गाजलासुद्धा. फक्त किंकाळीच्या क्षणी कॅमेरा दाराकडे होता. त्यामुळे पोस्टरवर काका आहेत: तोंड वासलेलं, हातात बूट. परीक्षकांनी लिहिलं, 'इतकं सभ्य आणि इतकं न हलणारं सैतानी रूप आम्ही पाहिलं नव्हतं.'

शेवटी येणाऱ्या नावांमध्ये सावनीचंही नाव आहे. ध्वनी विभागात.