चेंडूत हवा किती

चाकात हवा किती, हे टायरवाला नुसत्या अंगठ्याने दाबून सांगायचा आणि ते खरं निघायचं. गेज लावणं हे नवशिक्यांचं काम, असं तो म्हणे. त्यामुळे शाळेत मुलांसाठी फुटसाल सुरू करणाऱ्या ताईंनी आठ चेंडूंची जाळी आणि दोन लहान गोलपोस्ट त्याच्या टेम्पोतून हॉलवर आणायला सांगितलं, तेव्हा काम योग्य माणसाकडे आलं, असंच त्याला वाटलं.

त्याला खरी काळजी होती ती लेकीची. ती नऊ वर्षांची, भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून घरात मुंगी. गेल्या वर्षी फुटबॉल तिच्या तोंडावर आदळला, चष्मा फुटला, आणि तेव्हापासून चेंडू दिसला की बाईसाहेब चार पावलं मागे. ताईंनी तिच्यासमोर उकिडवं बसून समजावलं होतं, की हा खेळ हॉलमधला, पाच-पाच जणांचा, आणि यातला चेंडू तोंडावर उडत नाही, पायाशीच राहतो. मुंगीने दोन दिवस विचार करून होकार दिला. त्या आनंदात बापाने तिचे नवे बूट दोनदा पुसले, न वापरताच.

आदल्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने जाळीतला एक चेंडू सहज खाली टाकला. तो धड गुडघ्यापर्यंतही उसळला नाही. दुसरा टाकला, तोही तसाच. आठच्या आठ मरगळलेले! पोरीचा पहिला दिवस आणि चेंडू हे असे? त्याचे हात शिवशिवले. पिन शोधली, कॉम्प्रेसर लावला, आठही चेंडू टणक केले आणि कुणाला काही सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं त्याचं मत होतं.

सकाळी हॉलमध्ये सोळा मुलं आणि भिंतीलगत त्यांची घरची माणसं. याचा टप्पा उंच जात नाही, असं सांगत ताईंनी चेंडू जमिनीवर हलकेच आपटला. तो त्यांच्या डोक्यावरून गेला. ताई चेंडूकडे बघत राहिल्या, तोवर मुलांनी उरलेले सात पळवले होते. एक चेंडू भिंतीवरच्या घड्याळाला लागला आणि घड्याळ नऊ दहालाच थांबलं. एक शिपायाच्या चहात उतरला. एका आजोबांनी छत्री उघडली आणि ती शेवटपर्यंत मिटली नाही.

मुंगी चार पावलं मागे आली, मग आणखी चार, आणि बापाच्या पाठीशी येऊन थांबली. तिने चष्मा काढून डबीत ठेवला.

"ताई खोटं बोलल्या," ती हळूच म्हणाली.

गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. पण ती डबी मिटल्याचा आवाज टायरवाल्याला फार लागला. ही पोर आता ताईंवरही विश्वास ठेवणार नाही, आणि तेही आपल्या नसत्या उठाठेवीमुळे.

"ताई खरंच बोलल्या," तो म्हणाला. "मी काल हवा भरली. मला वाटलं, चेंडू बसलेत."

मुंगीने डबी उघडून चष्मा परत घातला, बहुधा बापाला नीट बघता यावं म्हणून.

"गेज लावलं होतंस?"

"नाही. अंगठा."

"पिन दे."

खिशात पिन होतीच. ती घेऊन मुंगी हॉलच्या मधोमध मांडी घालून बसली. दुकानात गृहपाठ करत वाढलेली पोर ती. एकेका चेंडूतली हवा फुस्स करून सोडायची, उभी राहून चेंडू टाकायची, आपल्या गुडघ्याशी माप बघायची आणि पुन्हा बसायची. मुलं आपापले चेंडू घेऊन तिच्यापुढे रांगेत उभी राहिली. आठवा चेंडू तिने टाकला, तो उसळून तिच्या पायाशी आला, आणि ती मागे सरली नाही. बुटाच्या टोकाने तिने तो रांगेतल्या शेवटच्या मुलीकडे ढकलला. त्या मुलीने परत दिला.

बापाने ताईंची माफी मागितली. ताई हसल्या आणि पुढच्या रविवारीही चेंडू तुम्हीच आणा, म्हणाल्या.

"आण, पण नुसता टेम्पो चालव," मुंगी खेळता खेळता ओरडली.

तो निमूट बाकावर जाऊन बसला. समोरच्या गोलपोस्टचा एक स्क्रू थोडा सैल दिसत होता. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि खेळ संपेपर्यंत तसाच बसून राहिला.